वरची रेघ

खोटं सांगून मिळवायचं काही उरलं नाही माझ्या वयाला. या ऑक्टोबरात सुरू झालेली गोष्ट आहे. अजून संपलेली नाही.

आमच्या नॉटिंगहॅमच्या विहारातले आम्ही बारा जण ग्रीसला गेलो होतो. तिथे डोडोना म्हणून एक पडकं देवस्थान आहे. मधोमध ओकचं झाड. गाइड म्हणाली, पूर्वी लोक शिशाच्या पट्टीवर प्रश्न लिहायचे, आणि झाडाची पानं उत्तर द्यायची.

ह्यांच्या हार्टचं ऑपरेशन निघालं होतं. करावं की नको, आमचं ठरत नव्हतं.

देव मानायचा नाही, ही शपथ मी घेतलेली. पण साठाव्या वर्षी अक्षरं शिकले. लिहायचं म्हटलं की हात शिवशिवतो. वहीचा कपटा फाडला. लिहिलं, 'ह्यांनी ऑपरेशन करून घ्यावं का?' दगडाखाली सरकवला.

वारा नव्हता...

तरी पानं सळसळली.

"विमल, दगडाला नवस?" हे हसले. "विहारात सांगू का सगळ्यांना?"

नोव्हेंबरात, सकाळी साडेदहाला, किचनमध्ये तोच आवाज आला.

खिडकी बंद. मागे झाड नाही, नुसतं काँक्रीट.

टेबलावर माझी वही उघडी होती...

'हे म्हणजे कोण?'

अक्षर माझं. मी आधी वरची रेघ ओढते, जेवढं लिहायचं तेवढीच. मग तिला अक्षरं टांगते. असं घरात दुसरं कुणी लिहीत नाही.

मला नातीचा संशय आला.

"आजी, मला मराठी रीड पण नाही करता येत!" ईशिता म्हणाली.

मग ह्यांचा आला.

"अगं, तूच लिहून विसरली असशील. आणि नाव लिहायला काय झालं होतं?"

नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही. लिहिणार कुठून?

ह्यांनीच माझं पेन ओढलं आणि लिहिलं, 'बबन'.

"घे. आता विचार तुझ्या झाडाला."

दुसऱ्या सकाळी पुन्हा सळसळ...

नावाखालच्या ओळीत नुसती वरची रेघ होती. अक्षर एकही नाही.

"आलं का उत्तर?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"बघ! सोमवारी ऑपरेशन. ठरलं."

आज शनिवार. हे वर शिट्टी वाजवत हॉस्पिटलची बॅग भरताहेत.

मी आत्ताच वही पाहिली. अक्षरं अजून नाहीत. रेघ मात्र पानाच्या कडेपर्यंत गेलीय...

नुसतं 'हो' म्हणायला एवढी रेघ लागत नाही.