भाऱ्याला हात

उद्या डोंगरावर जाताय ना? मग बसा, आणि हसणं थांबवा. ही गोष्ट करमणुकीची नाही. माझ्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या माणसावर हे गुदरलं. त्यानं स्वतः सांगितलं आणि मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो. पदरचं काही घालत नाही.

मुकेश त्याचं नाव. जालन्याकडचा. सत्त्याण्णव साली सरकारी नोकरीत लागून शहापुरात आला. इथं ओळखीचं कोणी नाही. कचेरीतून यायचा, भात टाकायचा आणि खिडकीत बसून माहुलीच्या डोंगराकडे बघत राहायचा. त्यानं आयुष्यात डोंगर पाहिला नव्हता. एका रविवारी उठला आणि एकटाच चढायला गेला. दुपारपर्यंत वाट हरवली, पाणी संपलं, कारवीच्या झुडपांत अडकून बसला.

तिथं त्याला बारकू भेटला. पायथ्याच्या वाडीतला ठाकर आदिवासी. याला बघून हसला.

"कुठं निघालास रे? इकडनं गेलास तर थेट वर देवाकडंच जाशील."

त्यानं पाणी दिलं, खाली आणलं, घरी नेऊन नाचणीची भाकर खायला घातली. मग दर रविवार ठरून गेला. दोघं डोंगर चढायचे, झऱ्यावर बसायचे, फार बोलायचेही नाहीत. परक्या गावात मुकेशला घर मिळालं. बारकूची म्हातारी आई धोंडाबाई त्याला मुलासारखं वाढायची. बहीण जिवली माहेरीच असायची. ती त्याची खोडी काढायची.

"आला गो आये, डोंगर मोजणारा! दादा, आज किती इंच भरला?"

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग मुकेशला डोंबिवलीची पोरं भेटली. डोंगर चढणारी टोळी. पाठीवर सॅक, पायात भारी बूट. त्यांचा म्होरक्या दीपेश. मुकेशला त्यांचा रुबाब आवडला. त्यानंही बूट घेतले. आणि त्यांना सांगितलं, माहुलीच्या सगळ्या वाटा मी एकट्यानं शोधल्यात.

लक्षात ठेवा हे.

दोन हजार एक सालचा जानेवारी. त्या रविवारी टोळी माहुलीला आली. मुकेशनं बारकूला सांगितलं होतं, गावी जातोय. ठाकराचा हात धरून डोंगर शिकलो हे त्या पोरांना कळायला नको होतं.

दिवस कलताना टोळी उतरत होती. वाटेच्या कडेला एक बाई लाकडाचा भारा टेकून बसली होती. आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. एकट्या बाईला भारा डोक्यावर चढवता येत नाही. येणारा-जाणारा हात लावतो. जात विचारत नाही, ओळख विचारत नाही. दुश्मनसुद्धा हात लावून मग पुढं जातो.

"भाऊ, जरा हात लावा रे," ती म्हणाली.

दीपेश म्हणाला, "सोड रे. जंगलतोड करतात साले. चला, टाइम नाय, फास्ट लोकल जाईल."

बाईनं मान वर केली. जिवली होती.

"दादा? मुकेशदादा ना तू?"

मुकेश खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती. दीपेशनं विचारलं, "ओळखते का तुला?"

"नाय रे," तो म्हणाला. आणि गेला.

जिवली अंधार पडेस्तोवर वाट बघत बसली असणार. मग एकटीनंच उचलायला गेली. सकाळी सापडली तेव्हा मान भाऱ्याखाली मोडलेली होती.

पुढच्या रविवारी मुकेश वाडीत गेला. बारकूचे डोळे सुजलेले.

"गुराखी सांगतो, शहरातली पोरं त्या वाटेनं उतरली. कोन होती, कळलं पायजे मला. तू तर गावी होतास."

"हो," मुकेश म्हणाला. "गावी होतो."

आणि धोंडाबाईनं वाढलेली भाकर खाल्ली. त्या दिवशी खाल्ली. पुढं वर्षभर खाल्ली. या माणसाची मला आजही चीड येते. टोळी त्यानं सोडली, पण तोंड उघडलं नाही. बारकू तुटला तर या गावात आपलं कोण, एवढीच त्याला भीती.

आता रात्र सांगतो. दोन हजार दोन, पौषातली पुनव. म्हशाची गुरांची जत्रा त्याच दिवशी भरली होती. बारकूला बैल घ्यायचा होता. दोघं पहाटे निघणार, म्हणून मुकेश मुक्कामाला वाडीत चालला होता. धोंडाबाईच्या खोकल्याची बाटली खिशात. सायकल त्यानं डांबरी संपते तिथल्या दुकानात ठेवली आणि पायवाटेला लागला. दिवेलागण होऊन गेली होती. चांदणं असं की खडा न् खडा दिसावा. गुणगुणत चालला होता म्हणाला.

वळणावर एक बाई बसली होती. शेजारी भारा. पदर तोंडावर ओढलेला.

"भाऊ, जरा हात लाव."

त्याला वाटलं, वाडीतलीच कोणी असेल. थंडीत उशीर झाला असेल. वर्षभर एक गोष्ट मनाला खात होती. या खेपेला तो थांबला. वाकला. भाऱ्याला दोन्ही हात घातले.

भारा हलका होता. पेंढ्यासारखा.

त्यानं उचलला. बाईनं डोकं पुढं केलं नाही. ती बसूनच राहिली. त्याचे हात वर गेले... आणखी वर... थांबेनात. भारा त्याच्याच डोक्यावर आला.

आणि मग जड झाला.

"चल," ती म्हणाली. "वाट ठाऊक हाय ना तुला? तूच शोधलीस ना?"

आवाज त्यानं ओळखला.

भारा टाकायला गेला. हात सुटेनात. मान वळेना. तो चालला. मागं पावलं वाजत नव्हती. फक्त श्वास... दमलेल्या बाईचा.

"जिवले..."

श्वास तसाच मागं.

"जिवले, चुकलं माझं..."

भारा पावलागणिक वाढत होता.

बारकू अंगणात शेकत बसला होता. लांबूनच ओरडला, "काय रे, नवऱ्या मुलीगत चालतोस? पिऊन-बिऊन आलास काय?"

"बारकू... उतरव."

"काय उतरव?"

"भारा. हात लाव... मान मोडतेय माझी."

बारकू उठला. मुकेशच्या डोक्यावर काहीच नव्हतं. दोन हात वर धरलेले, मान खांद्यात गेलेली. बारकू हसत पुढं आला. तेवढ्यात धोंडाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"बारकू, थांब. हात लावू नको." मग ती मुकेशकडे वळली. "कोनाचा भारा हाय रे, बाबा?"

मुकेशनं डोळे मिटले.

"बोल. कोनाचा?"

"...जिवलीचा."

मग सगळं बोलला. उभ्या उभ्याच. दीपेश, नाडी, 'नाय रे'. ओझं होतं म्हणून बोलला. नाहीतर मेला असता तरी बोलला नसता.

बारकूनं शिवी दिली नाही. मारलं नाही.

"वरीसभर माझ्या घरची भाकर खाल्लीस," एवढंच म्हणाला.

"बारकू, हात लाव रे... एकदा..."

बारकू घरात गेला.

धोंडाबाई पुढं आली. तिचे हात उठले. मुकेश म्हणाला, उठले होते नक्की. मग तिनं ते परत खाली घेतले.

"माजी पोर पन असंच म्हनली असंल ना रे तुला?"

ती आत गेली. दाराला कडी लागली.

रात्रभर तो अंगणात त्याच जागी उभा होता. पहाटे कोंबडा आरवला तेव्हा ओझं गेलं. कोणी उतरवलं नाही. गेलं. तो माझ्या दारात आला तेव्हा त्याची मान वाकडी होती. मला हे सांगितलं, पेटी भरली आणि त्याच दिवशी शहापूर सोडलं. थांब म्हणालो नाही मी.

आठ दिवसांनी वाडीत जाऊन आलो. खरंखोटं केल्याशिवाय मी गोष्ट सांगत नसतो. बारकूचं अंगण चोपून चोपून दगडासारखं केलेलं. वर बैल उभा केला तरी खूर उमटायचा नाही. त्या अंगणाच्या मधोमध दोन पावलं रुतलेली. घोट्याएवढी खोल.

"माती भर की," मी म्हणालो.

"भरतो," बारकू म्हणाला. "रोज भरतो. आये वरनं सारवते. सकाळी पुन्हा तेवढीच खोल..."

मी हात घालून बघितलं. तळ गरम होता.