मागचं टोक

बसा जवळ. मध्ये बोलायचं नाही, मला राग येतो.

माझा साडू राष्ट्रीय कलासंग्रहालयात चित्रं हलवायच्या कामाला. मोठं चित्र दोघांनी न्यायचं, एकामागे एक. पुढच्याने वळून बघायचं नाही. वळला की चौकट तिरकी होते, कोपरा आपटतो. म्हणून सगळं बोलून. पुढच्याने टोक टेकवलं की मागचा विचारणार, "सोडू?" पुढचा म्हणणार, "सोड." मगच हात काढायचा.

साडूच्या हातून एकदा कोपरा आपटला होता. साहेबांनी बजावलं, पुन्हा ओरखडा दिसला तर घरी बसा. दोन पोरी शिकतायत, घरी बसून खायचं काय? त्याची झोप उडाली होती.

गेल्या ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. रात्री अकराला पहारेकऱ्याचा फोन. वरच्या दालनात पाइप फुटलाय, 'कैदी' वाचवा. म्हणजे ते भिंतभर तैलचित्र. तुरुंगाच्या अंगणात माना खाली घालून बसलेली माणसं. इतकं जड, की ते हलवताना दोघांनाही घाम फुटायचा.

साडू पोचला तेव्हा पाण्यामुळे दिवे बंद केलेले. पहारेकऱ्यांनी चित्र उतरवून भिंतीला टेकवलेलं; एकाने साडूला आत घेऊन फाटकाला पुन्हा कुलूप लावलं आणि तोही बाकीच्यांमागे तळघरात नळ बंद करायला गेला. जोडीदार लंबू फोनवर "आलोच" म्हणाला होता, पण त्याचा पत्ता नाही. पाणी चौकटीपर्यंत येत चाललेलं. साडूला थांबणं शक्य नव्हतं. गळ्यात विजेरी अडकवून त्याने पुढचं टोक धरलं.

मागचं टोक उचललं गेलं.

"उगवलास एकदाचा," साडू म्हणाला. "चल."

उत्तर नाही. झोपमोड झाली म्हणून फुगला असेल.

दालन ओलांडलं. जिना लागला.

"पायरी."

...

"कोपरा सांभाळ, बाबा."

...

लंबूचे बूट करकरतात. आज करकर नव्हती. पावलंच नव्हती. साडूची मान अवघडली. वळावंसं वाटलं. ओरखडा... नोकरी... वळला नाही.

गोदाम आलं. त्याने टोक टेकवलं.

मागून आवाज. थकलेला. म्हाताऱ्याचा.

"सोडू?"

जिभेची सवय हो. विचार करायच्या आधीच बोलून गेला.

"सोड."

...

खिशातला फोन वाजला. लंबू. "अरे, फाटकाला कुलूप आहे. कुणी उघडतंय का?"

साडू वळला. मागे कुणी नाही. चित्र धड. माना तशाच खाली. ओरखडा एक नाही.

पहारेकऱ्याने लंबूला आत घेतलं. चित्र फळीवर चढवायचं राहिलं होतं. लंबूने मागचं टोक धरलं, म्हणाला, "हं, उचल."

साडूने अजून हात लावला नव्हता. अख्खं चित्र लंबूच्या एका हातात वर आलं होतं, रिकाम्या कोठडीसारखं हलकं.