कोऱ्या डिस्कवरची नोंद

मिरजेत सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. रुग्णाचं नाव, वय, गाव, तक्रार, उपचार, फेरतपासणी, अशी सगळी नोंद त्यात राहते. नवी आवृत्ती दवाखान्यांत जाण्याआधी ती नीट चालते का, हे तपासायचं काम नऊ वर्षं माझ्याकडे आहे.

गेल्या फेब्रुवारीत प्रश्न आला तो साधा होता. चाचणी कुठल्या विंडोजवर करायची, होम की प्रो? दिसायला दोन्ही सारख्याच. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एका ताब्यात ठेवायच्या सोयी प्रोमध्ये असतात, होममध्ये नसतात. दोन्हींवर पूर्ण चाचणी करायला वेळ नव्हता. एक मुख्य धरायची, दुसरीवर वरवर बघायचं. मी अकरा पानांचा अहवाल लिहून प्रो सुचवली.

सोनियाने अहवाल लिहिला नाही. तिने फोन केले.

सोनिया सहा महिन्यांपूर्वी लागलेली. कडेगावकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली पहिली शिकलेली मुलगी. दिसायला चारचौघींसारखी, पण आवाज असा की फोन उचलणारा माणूस खुर्चीत सैल होऊन बसायचा. "ताई, तुमच्या कॉम्प्युटरवर काय लिवलंय तेवढं वाचून सांगता का? सावकाश सांगा, मी थांबते." तिने दोन दिवसांत तेवीस दवाखान्यांत विचारलं. सतरा ठिकाणी होम निघाली. दुकानातून जशी आली तशीच वापरात.

आमचे साहेब, लालासाहेब, मीटिंगमध्ये हसले. "क्रांती, तुझी अकरा पानं एका फोनात गेली बघ!"

सगळे हसले. सोनिया हसली नाही. "मॅडमचंबी बरोबर हाय सर. मोठे दवाखाने प्रोच घेत्यात," म्हणाली. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

दहा दिवस दोन्हींवर चाचणी करायची आणि मग ठरवायचं, असं साहेबांनी सांगितलं. दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले. प्रोचा माझा, होमचा तिचा. रोज सकाळी डिस्क पुसायची, विंडोज कोरी करकरीत टाकायची, वर आमचा प्रोग्रॅम. मग खोटे रुग्ण भरायचे. त्यांची नावं आम्ही 'चाचणी एक', 'चाचणी दोन' अशीच ठेवतो.

तिसऱ्या दिवशी मी प्रोग्रॅम टाकला आणि यादी उघडली. यादी रिकामी असायला हवी होती. तिच्यात एक रुग्ण होता.

सोनिया. वय २६. गाव कडेगाव. तक्रार: आवाज.

नोंद करणारी: क्रांती. वेळ: सकाळी नऊ बारा.

ती वेळ मी पुन्हा एकदा वाचली. नऊ बाराला ही डिस्क पुसलेलीसुद्धा नव्हती. नऊ बाराला मी सांगलीहून येणाऱ्या बसमध्ये, विश्रामबागच्या पुढे, खिडकीशी बसले होते. काय विचार करत होते तेही आठवलं. हिच्याकडे आवाज सोडून आहे काय, हाच.

कुणीतरी चेष्टा केली असेल म्हणून मी नोंद काढून टाकली. शेजारी सोनिया काम करता करता दोनदा खाकरली.

"घसा धरलाय काय गं?"

"व्हय मॅडम. सकाळपास्नं."

दुसऱ्या दिवशी मी नेटवर्कची वायर काढूनच काम सुरू केलं. यादीत एक रुग्ण. तक्रार: आवाज बसला. सोनिया त्या दिवशी कुजबुजत होती. त्याच्या पुढच्या दिवशी मी पाकिटातली नवी डिस्क फोडून बसवली. हात धुऊन, कुणालाही जवळ येऊ न देता. यादीत एक रुग्ण. तक्रार: आवाज नाही.

होमच्या कॉम्प्युटरवर काही नव्हतं. तिथे यादी रोज रिकामी निघायची.

सोनियाने रजा टाकली. इथल्या दोन मोठ्या दवाखान्यांत दाखवलं. घशात दुर्बीण घालून पाहिलं. सगळं ठीक आहे म्हणाले, विश्रांती घ्या.

मी कुणाला काय सांगणार होते? नऊ वर्षं मी लोकांना सांगत आले की मशीन चुकत नाही, भरणारा चुकतो. भरणारीच्या रकान्यात माझं नाव होतं.

दवाखान्यांशी फोनवर बोलायचं सोनियाचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी एका डॉक्टरीणबाईंनी माझ्याशी वीस मिनिटं गप्पा मारल्या. शेवटी म्हणाल्या, "बरं वाटलं हो सोनिया तुझ्याशी बोलून."

"मी क्रांती."

"हो का? मला आपलं वाटलं..."

दुसऱ्या दिवशी उंब्रजच्या दवाखान्यातली स्वागतिका तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशी आणखी दोघं. मी ऑफिसात नसलेल्या मुलीवर जळत होते. ती घरी मुकी बसली होती आणि तरी लोक तिलाच शोधत होते.

साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. "क्रांती, लय गोड बोलायला लागलीस गं. नऊ वर्षं कुठं लपवलं होतंस हे?"

मला आवडलं. खोटं कशाला सांगू? घरी जाताना बसभर तेच वाक्य घोळवत होते.

दहाव्या दिवशी साहेबांनी कागद पुढे केला. "सोनिया तर नाहीच. प्रो धरू. तू सही कर."

सही करण्याआधी मी कॉम्प्युटर पाहिला. एक रुग्ण. तक्रारीचा रकाना आता रिकामा होता. खाली दोन रकाने भरले होते.

उपचार: पूर्ण. फेरतपासणी: गरज नाही.

मी कागद परत दिला. "होम धरा," मी म्हणाले. सोनियाचं बरोबर होतं, सतरा दवाखाने खोटं बोलत नाहीत. मी प्रोची डिस्क काढली, स्क्रू ड्रायव्हरने तिच्यावर ओरखडे ओढले आणि कचऱ्यात टाकली. त्या संध्याकाळी मला वाटलं, संपलं.

रविवारी मी कडेगावला गेले. विट्याला गाडी बदलली. भर दुपार होती. सोनियाचं घर गावाबाहेर, माळाच्या कडेला. काटेरी कुंपणात मेंढरं दाटीने उभी होती, लेंड्यांचा उग्र वास येत होता. हातात सफरचंदांची पिशवी घेऊन मी मनात वाक्य जुळवत होते: तुझीच आवृत्ती घेतली, सोनिया, लवकर कामावर ये.

ओसरीवर बाजेवर एक म्हातारा बसला होता. तिचा आजा, कोंडीबा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले.

"आहे का कोणी घरात?" मी फाटकातूनच विचारलं.

मेंढरांनी एकदम माना वर केल्या. सगळ्यांनी.

म्हातारा धडपडत उठला. "सुले! ए सुले! आगं भाईर ये! सोनी बोलली!"

आतून एक बाई पदराला हात पुसत धावत आली. सोनियाची आई, सुलाबाई. ती माझ्याकडे बघून थबकली, मग मागे वळून आत बघू लागली.

"मामंजी, सोनी आतच हाय. पावण्या आल्यात."

"मला शिकवतीस व्हय? नातीचा आवाज वळखंना व्हय मला?" त्याने दोन्ही हात माझ्या दिशेने पसरले. गालांवरून पाणी वाहत होतं. "आठ-धा दीस झालं गं. परत बोल की. आजा म्हण."

आतल्या दारात सोनिया येऊन उभी राहिली होती. वाळली होती. ती रागावली नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती, एवढंच.

मी तोंड मिटून परत फिरायला हवं होतं. पिशवी ठेवून, हात जोडून.

पण माझ्या आवाजासाठी आजवर कुणी असे हात पसरले नव्हते.

"आजा," मी म्हणाले.

म्हातारा हसला. सुलाबाईने तोंडावर पदर धरला.

सोनियाचे ओठ मिटत होते. माझ्या आधी, अगदी थोडे आधी, ते त्याच शब्दावर हलले होते.