चुनाभट्टीतलं घरटं

नऊ पूर्ण, एक फुटका आणि एक नुसताच खळगा. अतियाने दुसऱ्यांदा मोजलं तरी तेवढेच भरले. मुकुटबनच्या नाल्याकाठी दरड कोसळून खडक उघडा पडला होता आणि त्यात हे नारळाएवढे गोल दगड एकमेकांना खेटून बसले होते.

दिवाळीच्या सुटीत ती दिग्रसहून अय्यूबचाचांकडे आली होती. शेजारच्या दीपमालाने शाळेतून डायनासोरच्या गोष्टींचं चित्रांचं पुस्तक आणलं होतं. एका गोष्टीत डायनासोरची आई वाळूत अंडी पुरते. ते चित्र पाहून दीपमालाचा धाकटा भाऊ विक्की म्हणाला, "असे गोटे त नाल्यावर हायेत." म्हणून तिघं इथे आली होती.

"फुटक्याची कड पाहा," अतिया म्हणाली. "बाहेरून पातळ साल हाये. साध्या गोट्याले कुठं साल राह्यते?"

दीपमालाने फोटो काढून सत्यशीलामावशीला पाठवला. मावशी यवतमाळला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. तिचं उत्तर आलं: अंडीच असावीत. एकही हलवू नका. शनिवारी येते.

"चाचाले सांगू?" विक्कीने विचारलं.

"नको, हसतीन ते. मावशी आल्यावर सांगू," अतिया म्हणाली.

"हसतीनच. मागं मी बिबट्या पाह्यला म्हणलो, त अजून मले बिबट्याच म्हणून राह्यले."

दुसऱ्या दिवशी फूटपट्टी घेऊन तिघं परत गेली, तेव्हा खडकात नुसते खळगे उरले होते. कडेने सब्बलीचे, म्हणजे पहारीचे, ओरखडे होते आणि चिखलात ट्रॅक्टरच्या चाकांचे ठसे. ठशांवरून पळत पळत ती अय्यूबचाचांच्याच चुनाभट्टीपाशी पोचली.

दिवाळीच्या तोंडावर गोठे पांढरे करायला अजूनही चुना लागतो. चाचा भट्टीत मुद्दाम गोल दगड लावायचे. त्यांच्या फटींतून हवा खेळते आणि जाळ वरपर्यंत चढतो. आता तळाला जाळ लागला होता.

"चाचा, नाल्यावरचे दगड कुठं हायेत?"

"भट्टीत. काल सांजेले आणले. असे एकसारखे गोल कुठं भेटते? काहून?"

"डायनासोरची अंडी हायेत ती."

चाचा हसले. "तवा बिबट्या, आता डायनासोर. पेटलेली भट्टी खोलली त पुरा माल कच्चा राह्यते, बेटा. गिऱ्हाईकाले काय सांगू?"

विनवून काही होणार नव्हतं. अतियाने भट्टीकडे नीट पाहिलं. वरच्या दगडांतून पांढरी वाफ निघत होती.

"चाचा, नाल्याच्या दगडात आतपर्यंत पाणी मुरते ना? गरम झालं अन् वाफेले वाट नाही भेटली, त दगड फुटते. मग भट्टीची भिंत?"

चाचांचं हसू मावळलं. ओल्या दगडांनी फुटलेली भट्टी त्यांनी तरुणपणी पाहिली होती. "सरका मागं," म्हणत त्यांनी लांब आकडा उचलला आणि वरचे ओले दगड ओढायला सुरुवात केली.

"गोल पहिले काढा," दीपमाला म्हणाली.

"तू काय माही ठेकेदार हायेस?" चाचा कुरकुरले, पण गोलच आधी काढले.

दोन निघाले. त्यातला एक जमिनीवर येताच तडकला. बाकीचे आठ खाली, जाळात होते. तिथवर आकडा पोचत नव्हता.

शनिवारी मावशी आली. तिने दोन्ही अंडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "बाकीची?"

चाचांनी नुसतं गोठ्याकडे बोट दाखवलं. भिंतीवर ताज्या चुन्याचा हात चढला होता, अजून पुरता वाळला नव्हता.

मावशीने भिंतीवरचा ओला चुना बोटाने चाचपला. मग म्हणाली, "ही दोन तरी तुमच्यामुळे वाचली. वाफ सगळ्यांनाच दिसते. तिचा अर्थ तुम्ही लावलात."

"खरंय," चाचा म्हणाले. "पोट्ट्याइनं माही भट्टीबी वाचोली." मग ते अतियाकडे वळले. "पण मले आदल्या दिवशीच सांगतलं असतंस, त मी सब्बल लावलीच नसती. हसलो असतो, बेटा. लावली नसती."

अतिया मान खाली घालून उभी राहिली. विक्कीने हळूच तिचा हात धरला.

मावशीने पिशवीतून कॅलिपर काढला आणि तडकलेल्या अंड्याची साल त्याच्या जबड्यात धरली. सालीच्या जाडीवरून अंडं कोणाचं ते ताडता येतं, म्हणून तीन ठिकाणी मोजून तिने सरासरी काढली.

जाडी १.६ मिलिमीटर.