ट्रेखालची पोकळी

"मिस्त्री, ताबडतोब या. बाथरूममधला शॉवर ट्रे फुटलाय. खालच्या मजल्यावर पाणी गळतंय."

मिस्त्री पोचला तेव्हा त्याचे गुडघे कधीच दुखायला लागले होते. सकाळपासूनचं हे तिसरं घर. त्यातून शॉवरखाली उभं राहायचा हा ट्रे तीन वर्षांपूर्वी त्यानेच बसवलेला.

दाराशी कपड्यांनी भरलेली पिशवी होती. शेजारी मावशी भिंतीला टेकून उभी होती. घरातल्या म्हाताऱ्या आबांना सांभाळायला ठेवलेली.

"हिनेच बादली आपटली," आबांचा थोरला मुलगा म्हणाला. "वर कबूल करत नाही. आजच जायला सांगितलंय."

"नाही आपटली." दहाव्यांदा सांगत असल्यासारखा मावशीचा आवाज थकला होता. "मी गेले तर आबा दुसऱ्या कुणाकडून आंघोळ करून घेणार नाहीत."

मिस्त्रीने बॅटरी मारली. तडा अगदी मधोमध गेला होता. पण वर कुठे टवका उडाला नव्हता, ओरखडासुद्धा नव्हता.

"उभं राहिलं की आवाज यायचा? कधीपासून?"

"दोन महिने झाले. आबांना मध्ये उभं केलं की करकरायचा. यांना सांगितलं होतं मी."

थोरला खिडकीबाहेर बघू लागला.

"आणि ही कडेची फट?"

"आबा उभे राहिले की रुंद व्हायची. उतरले की मिटायची."

मिस्त्रीने ट्रेवर बोटाने ठोकून पाहिलं. कोपऱ्यांना भरीव आवाज, मध्ये रिकाम्या डब्यासारखा.

त्याने भिंतीच्या खालच्या दोन ओळी टाइल्स काढल्या. ओला गिलावा भुगा होऊन हातात आला. शेजारच्या फरश्याही सुटल्या होत्या. मग पहारीने ट्रे उचलला, खाली पाहिलं आणि तो तिथेच ओल्यात बसला.

"आबांनाही बोलवा," तो म्हणाला.

आबा काठी टेकत आले.

"बादली पडली असती तर वर खूण राहिली असती. ट्रेखाली सिमेंटचा माल सगळीकडे पसरायचा असतो. इथे चार कोपऱ्यांना चार गोळे आहेत, मध्ये काही नाही. माणूस उभं राहिलं की ट्रे दबायचा, कडेची फट बुजवायला भरलेलं सिलिकॉन सुटायचं, पाणी भिंतीत शिरायचं. रोज दबून दबून शेवटी तडकला."

"म्हणजे ज्याने बसवला..." थोरला अडखळला.

"मीच. त्या दिवशी कंबर मोडली होती. कालवलेला माल संपला. पुन्हा कोण कालवत बसणार, म्हटलं. खाली कोण बघतंय?"

बोलून टाकलं, सुटलो, असं मिस्त्रीला वाटलं.

"मावशी, माझं चुकलं," थोरला आबांच्या देखत म्हणाला. "जाऊ नका."

मावशीने होकारार्थी मान डोलावली. मग ती मिस्त्रीकडे बघत राहिली. ती कशाची वाट बघतेय हे त्याला उशिरा कळलं, आणि फार लाज वाटली.

"चुकलो, मावशी."

"चुकलातच." तिने पिशवी आत नेऊन ठेवली. "आता माल घालताना हात आखडू नका. वाळला की आबांना मीच उभं करणार आहे त्यावर."