पंचवीस सेकंद

बेटावरून निघालेली बोट धक्क्यापासून जेमतेम सुटली होती, तोच खालच्या, गाड्यांच्या डेकवरून हाक आली – "कोणी आहे का? माझी बायको... बाळ येतंय!"

मी कॉफीचा कप तसाच बाकावर ठेवला आणि धावत जिना उतरले. नोव्हेंबरचा वारा असा, की लोखंडी कठडा हाताला चावत होता. निळ्या गाडीच्या मागच्या सीटवर एक बाई आडवी झाली होती. एका नजरेत कळलं – पलीकडचा किनारा बारा मिनिटांवर आहे आणि बाळ चार.

"मी मायकेन. मिडवाइफ आहे," मी तिला म्हणाले. तिसरं बाळंतपण होतं तिचं. नवरा पांढराफटक पडला होता, त्याला ॲम्ब्युलन्स मागवायला कप्तानाकडे पिटाळलं आणि मागे वळले. शेजारच्या गाडीला टेकून एक उंच माणूस उभा होता. काळा लांब कोट, चकचकीत बूट, काखेत फायली.

"तुम्ही! कोट काढा."

"मी?... मी वकील आहे."

"डिग्री नाही विचारली. कोट मागितला."

त्यानं कोट काढला. मी सांगितलं तसं त्या बाईचं डोकं मांडीवर घेतलं, आणि ती त्याच्या मनगटात नखं रुतवत असताना हूं की चूं केलं नाही. बाळ आलं – निळसर, गप्प. कोटात गुंडाळून मी त्याची पाठ चोळत राहिले. वारा, इंजिनाची घरघर, आणि बाकी काहीच नाही... मग एकदम बारीकसं, चिडकं रडू.

त्या माणसाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "रोज हेच करता तुम्ही?"

"रोज बोटीवर नाही करत."

तो हसला. "मला आज दोन जहाज कंपन्यांच्या भांडणात एकीला जिंकून द्यायचंय. कोणती, ते आत्ता आठवतही नाहीये."

धक्क्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती. बाळ, बाळंतीण आणि मी आत शिरलो, कोटही आमच्याबरोबर गेला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

साडेतीन वर्षांनी, मे महिन्यातल्या एका सकाळी, मी आमच्या प्रसूती वॉर्डात शिरले, तर दारात वॉर्डाचा निळा गणवेश घालून तोच उभा.

"माझा कोट?" तो म्हणाला.

"तो... त्या आईनं ठेवून घेतला. तुम्ही इथे?"

"इथे सगळे अरे-तुरेच करतात असं ऐकलंय. मी आस्गर. शेवटच्या सत्राचा विद्यार्थी, वय अडतीस. दहा आठवडे तुझ्या हाताखाली."

त्या दिवशी तो कोपनहेगनला परत गेला होता, केस जिंकली होती, ग्लासांना ग्लास लागले होते. आणि त्याला सारखी ती बारा मिनिटंच आठवत राहिली. दोन महिन्यांत त्यानं वकिली सोडली. वडील निवृत्त न्यायाधीश, त्यांनी बोलणं टाकलं. फर्मनं मात्र त्याची खुर्ची राखून ठेवली होती. या ऑगस्टपर्यंत काय ते कळव, असा त्यांचा निरोप आला होता.

आमच्या डॅनिश भाषेत या पेशाच्या नावातच 'आई' आहे, आणि पुरुषालाही तेच नाव लावतात. त्यावरून बाळंतिणी त्याची फिरकी घ्यायच्या.

"म्हणजे मी तुला आई म्हणू?"

"आस्गर चालेल. पण कळ आली की लोक मला वाटेल ते म्हणतात."

त्याच्या बोलण्यानं बायका सैल व्हायच्या. हातही चांगला होता – हलका, ऊबदार. वॉर्डाच्या छोट्या स्वयंपाकघरात तो राय ब्रेडचे वेडेवाकडे तुकडे कापायचा, त्यावर कलेजीचा पॅटे फासून माझ्यापुढे सरकवायचा आणि मी खाईपर्यंत बघत बसायचा. मी दुसरीकडे बघायचे... आणि मग तो बघत नसताना त्याच्याकडे.

सातव्या आठवड्यात ड्यूटी संपवून सायकलींवरून निघालो आणि समुद्राकडून पावसाची सर आली. मासळीच्या बंद टपरीच्या छपराखाली दोघं शिरलो. जागा एकाचीच होती. त्यानं माझ्या कपाळावरची ओली बट बोटानं मागे सारली.

"मायकेन, मला एक सांगायचं–"

"नको. मला तुझ्या मूल्यमापनाच्या कागदावर सही करायचीय."

"सही झाल्यावर?"

"सही झाल्यावर... बघू."

"वकिलाच्या भाषेत 'बघू' म्हणजे हो."

"मिडवाइफच्या भाषेत 'बघू' म्हणजे कळ काढ."

आम्ही हसलो.

त्याच्या पुढच्या बुधवारी ते घडलं. सकाळचे दहा. पर्निला नावाची बाई, पहिलंच बाळंतपण, सगळं सुरळीत. आस्गर पुढे, मी त्याच्या खांद्यामागे. डोकं बाहेर आलं – आणि कासवानं मान आत घ्यावी तसं मागे ओढलं गेलं. बाळाचा खांदा अडकला होता.

अशा वेळी काय करायचं हे त्याला पाठ होतं. सरावाच्या बाहुलीवर त्यानं ते वीसदा केलं होतं.

"आस्गर, तिचे गुडघे छातीकडे. ओटीपोटावर दाब दे," मी म्हणाले.

तो हलला नाही.

"आस्गर!"

त्याचे हात हवेत तसेच. डोळे त्या निळसर होत चाललेल्या चेहऱ्यावर. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता आणि पर्निला मला विचारत होती, "काय झालं? काय झालं?" मी त्याला कोपरानं बाजूला ढकललं, घंटी दाबली, तिचे गुडघे वर घेतले. तिघीजणी धावत आल्या. बाळ बाहेर आलं ते लुळं. अर्ध्या मिनिटानं रडलं. ठणठणीत मुलगा, चार किलो तीनशे.

आस्गर भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं, तर त्याला जवळ घेतलं असतं.

दुपारी मी टोवेच्या खोलीत गेले. टोवे आमच्या वॉर्डाची प्रमुख, तीस वर्षं याच कामात.

"आस्गरचं मूल्यमापन मी करू शकत नाही. दुसऱ्या कोणाला तरी दे."

"का?"

"मला... तो आवडतो."

"कधीपासून?"

"काही झालेलं नाही, टोवे."

"ते नाही विचारलं. असो. मूल्यमापन मी करीन." तिनं चष्मा काढला. "पण सकाळी खोलीत तू होतीस. किती वेळ थांबला तो?"

मी खिडकीबाहेर बघितलं. पाच सेकंद म्हणता आलं असतं. पाच सेकंद कोणीही थांबतं. पाच म्हटलं, तर तो तीन आठवड्यांनी मिडवाइफ झाला असता आणि मी त्याला हो म्हणून टाकलं असतं. आणि पुढच्या एखाद्या सकाळी, मी मागे उभी नसताना...

"वीस," मी म्हणाले.

टोवेनं समोरचा कागद माझ्याकडे सरकवला. "तो तुझ्याआधी येऊन गेला. हे त्यानं स्वतः लिहिलंय."

आस्गरचं तिरकं अक्षर. 'मी थांबलो. पंचवीस सेकंद.'

टोवेनं त्याला नापास केलं. सत्र पुन्हा करायचं – सहा महिने, उत्तरेकडच्या दुसऱ्या हॉस्पिटलात. करायचं असेल तर.

तो मला सायकल स्टँडवर भेटला. चेहरा दगडासारखा.

"टोवेला खरं सांगितलंस, त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण तू मला सोडून दिलंस. शिकवायला तीन आठवडे राहिले होते, मायकेन."

"मला तुला शिकवता येत नाही."

"का? इतका ढ आहे मी?"

"तुझे हात कुठे चुकतात ते मी बघायला हवं. आणि मी... मी नुसते हातच बघत बसते. कळलं?"

तो लाल झाला, अगदी कानांपर्यंत. मग अगदी हळू म्हणाला, "मग थांब म्हण. म्हण की, हे सोडू नकोस."

"नाही म्हणणार. उद्या त्या खोलीत परत शिरायचं धाडस तुला माझ्यासाठी नको यायला. ते तुझं तुलाच यायला हवं. आणि नसेल येत, तर खुशाल वकिली कर. मी तुला कमी समजणार नाही."

"आणि आपण?"

मी माझ्या सायकलचं कुलूप काढायला वाकले. त्यानं सायकल काढली आणि वाऱ्याकडे तोंड करून निघून गेला. वळणापर्यंत मागे बघितलं नाही. नंतर बघितलं असेल, तर मला दिसलं नाही.

ऑगस्ट गेला. तो फर्ममध्ये गेला की उत्तरेला, मला कळलं नाही. टोवेला माहीत असणार, पण मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. वॉर्डातला फोन वाजला की माझा हात आधी केसांकडे जायचा, मग फोनकडे. दिवस आखडत गेले, दुपारी चारलाच दिवे लागायला लागले. मीच त्याचं वाटोळं केलं, असं किती संध्याकाळी वाटलं असेल, सांगता येत नाही.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, भर दुपारी, बेल वाजली. मी पिवळ्या वाटाण्याचं सूप ढवळत होते, हातात पळी तशीच. दारात आस्गर. टोपीवर ओला बर्फ. डोळ्यांखाली काळं.

"पास," तो म्हणाला.

मी दार पूर्ण उघडलं.

"डिसेंबरात पुन्हा तसंच झालं," तो भराभर बोलत होता. "खांदा अडकला. मी घाबरलो, मायकेन, अगदी तसाच घाबरलो. पण हात चालत राहिले."

"मग सहा महिने एक ओळ लिहिता आली नाही तुला?" मी ओरडलेच. "मला वाटलं, तू फर्ममध्ये..."

"फर्मला मी त्याच संध्याकाळी 'येत नाही' म्हणून कळवलं. आणि लिहिलं असतं, तर तू उत्तर दिलं असतंस. आणि मी पहिल्या गाडीनं इथे आलो असतो. परीक्षा राहिली असती तिथेच."

मला त्याला पळीनं मारावंसं वाटलं, आणि... दुसरंही काही वाटलं.

"आता? इथे अर्ज केलास?"

"नाही. तिथेच नोकरी धरली. तुझ्या हाताखाली मला आता काम करायचं नाही. मला तुझ्याबरोबर राहायचंय." त्यानं ओल्या हातांनी फोन काढून नकाशा उघडला, दोन शहरांच्या मधल्या रेल्वेरेषेवर बोट ठेवलं. "हे गाव बघ. मला सव्वा तास उत्तरेला, तुला सव्वा तास दक्षिणेला."

"रोज?"

"रोज."

"वेड लागलंय तुला."

"बाबाही तेच म्हणतात. पण आता फोन करून म्हणतात." तो हसला, आणि मग हसायचा थांबला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. आता तुला माझ्या कुठल्याच कागदावर काही लिहायचं नाहीये. तोंडी सांगितलंस तरी चालेल."

मी त्याची टोपी काढली, त्याच्या ओल्या केसांत बोटं घातली आणि त्याला जवळ ओढलं. बर्फाचं पाणी माझ्या मानेवरून खाली गेलं, तरी सोडलं नाही.

एप्रिलमध्ये आम्ही त्या गावात घर केलं. पहाटेच्या उजेडात आम्ही एकाच फलाटावर उभे असतो – तो उत्तरेकडे तोंड करून, मी दक्षिणेकडे, पाठीला पाठ लावून. माझी गाडी दोन मिनिटं आधी येते. कधीमधी ती उशिरा येते, तेव्हा फलाटावरचे बाकीचे सगळे कुरकुरतात, आणि आम्ही दोघंच तेवढे कुरकुरत नाही.