बाईसाहेब झोपल्या आहेत

तो आमच्या दुकानात पहिल्यांदा आला तो घोड्यावर बसूनच. कोटाचं एक बटण लोंबत होतं, तेवढं लावून हवं होतं, आणि तेही उभ्या उभ्या. त्याने कोट काढून टेबलावर टाकला. मी सुईत दोरा ओवायला वळले, आणि परत पाहते तर... कोटावर बाईसाहेब अंगाचं मुटकुळं करून झोपलेल्या!

बाईसाहेब म्हणजे मावशीची मांजर. करडी, एक कान जरासा दुमडलेला. शिवणाचं दुकान मावशीचं, पण राज्य हिचं.

त्याने तिला उचलायला हात पुढे केला.

"अंहं," मी म्हणाले. "आमच्याकडे झोपलेल्या मांजरीला उठवत नाहीत."

"मग मी काय करू?"

"बसा."

हा नियम मावशीचा. तरुणपणी एकदा गिऱ्हाइकाच्या घाईपायी तिने कापडावर झोपलेल्या मांजरीला उचलून खाली ठेवलं आणि भराभर कातर चालवली. शेवटी पाहते तर दोन्ही बाह्या डाव्या. तेव्हापासून मांजर आपणहून उठेपर्यंत कापडाला हात लावायचा नाही, असं तिने ठरवूनच टाकलं. मी हे सांगितलं तेव्हा तो हसला, आणि बसला. त्या हसण्याच्या नादात सुई माझ्या बोटात गेली, ते मात्र मी सांगितलं नाही.

बसल्या बसल्याही त्याचा पाय हलत होता.

"बसायची सवय नाही वाटतं?"

"कामं असतात हो माणसाला."

"हिलाही असतात. उंदीर, खिडकी, शेजारचा बोका... पण झोपते तेव्हा ही फक्त झोपते."

तो तिच्या वरखाली होणाऱ्या पोटाकडे बघत राहिला. पाय कधी थांबला, ते त्यालाही कळलं नसावं.

काही दिवसांनी तो कोटाचं कापड घेऊन आला. दुसऱ्या गावी नोकरी लागली होती, महिनाअखेर रुजू व्हायचं होतं. मावशीला नेमकं त्याच वेळी आत काहीतरी काम निघालं, त्यामुळे मापं मी घेतली. छातीला टेप लावला तर हा श्वास रोखून उभा.

"श्वास घ्या, नाहीतर कोट घट्ट होईल."

"घेतोय की..."

"कुठे घेताय?"

त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असतील, पण आरसा त्याच्या बाजूला होता.

मग ट्रायल सुरू झाल्या. तो यायचा आणि दरवेळी बाईसाहेब त्याच्याच कापडावर पसरलेल्या असायच्या. इतरांची कापडं तशीच पडलेली, पण हिला हवं ते याचंच! मग चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. दुपारचं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर जायचं. तो पुढचे बेत सांगायचा. आधी नोकरी पक्की होईल, मग खोली, मग स्वतःचं घर, आणि मग...

"मग काय?"

"मग — बघू."

मावशी खाली मान घालून पुटपुटायची, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतात लोक. मी काजं करत राहायची. कोट पूर्ण झाला की हा जाणार, हे टाक्याटाक्याला कळत होतं, आणि दुखत होतं.

तो निघायच्या दिवशी मी कोट हँगरला उंच टांगून ठेवला. जाणाऱ्याला मांजरीच्या आडून किती थांबवायचं? तो आला, खांद्यावर बॅग, दुपारची गाडी. कोट घातला. बेतशीर बसला. कौतुक करायचं सोडून मी उगाच खांद्यावरचा नसलेला दोरा झटकला.

बुटाची नाडी बांधायला तो स्टुलावर टेकला. त्याने पाठ सरळ केली तशा बाईसाहेब टेबलावरून उतरल्या, त्याच्या मांडीवर चढल्या, एक गोल फिरल्या आणि झोपून गेल्या. मावशी सोडून आजवर ती कुणाच्या मांडीवर गेली नव्हती.

"बाईसाहेब झोपल्या आहेत," तो हळूच म्हणाला.

"हो... उठवू? गाडी चुकेल."

"नको." त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी ठरवलं होतं, नोकरी पक्की होईल, घर होईल — मग तुला विचारायचं."

तुला. इतके दिवस आमचं अहो-जाहो चाललं होतं.

"मग आता का विचारतोयस?"

"आता मला इथून कुठेही जायचं नाहीये. एवढंच नक्की माहीत आहे. तू मला आवडतेस. बाकीचं होईल मागाहून."

"मलाही," मी म्हणाले. 'मलाही तू' असं म्हणायचं होतं, पण 'तू' राहूनच गेलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, लांब गेला. आतल्या खोलीतून मावशी आली. तिने आमच्याकडे पाहिलं, मांजरीकडे पाहिलं, आणि गालात हसून म्हणाली, "गंमतच आहे. आज तर मी इस्त्रीसुद्धा फिरवली नव्हती."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो ट्रायलला यायच्या जरा आधी, दरवेळी, मावशी त्याच्या कापडावरून गरम इस्त्री फिरवायची. ऊबदार कापड दिसलं की मांजर दुसरीकडे कशाला जाईल?

दुसऱ्या सकाळच्या गाडीने तो गेला. पहिल्याच दिवशी उशीर झाला म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली, आणि पहिल्याच सुट्टीला परत आला. लग्न झालं तेव्हा आमच्याकडे घर नव्हतं, भाड्याची एक खोली होती. तिची खिडकी मला अजून आठवते.

आता मावशी नाही, बाईसाहेबही नाहीत. त्यांची आठवण आली की मी तो कोट काढून बघते. कोपरं विरली आहेत, पण हा मला टाकू देत नाही. दुकान आता मी चालवते, आणि तिथे बाईसाहेबांच्या नातीची नात नांदते. आणि त्याची घाई? ती काही पुरती गेली नाही. आज सकाळीही दारातून ओरडत होता, उशीर झालाय, कोट दे लवकर.

मी कोटावरून गरम इस्त्री फिरवली, टेबलावर नीट पसरून ठेवला आणि चहा टाकायला आत गेले.

"अगं," बाहेरून त्याचा आवाज आला, "ही झोपली यावर."

"मग बस," मी म्हणाले.